झडपेतले हात

दुपारच्या जेवणाचा गाडा एल्रॉय ममफोर्ड ढकलत होता आणि गाड्याचं पुढचं चाक नेहमीसारखं कुरकुरत होतं. ताटांत राजमा, उकडलेला कोबी आणि मक्याच्या पावाचा एकेक चौकोन. पाव कालचा. पण एल्रॉयनं हयातभर जुने फ्रिज धुऊनपुसून विकले होते, त्यामुळे शिळा माल कसा मांडायचा हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पावाची त्यातल्या त्यात मऊ बाजू तो वर ठेवायचा. गिऱ्हाइकाला तेवढ्यानंही बरं वाटतं, आणि ही गिऱ्हाइकं तर दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नव्हती.

त्याच फ्रिजांपायी तो इथं आला होता. चोरीचा माल आहे हे माहीत असून विकला, असं कोर्ट म्हणालं. आणि खरं सांगायचं तर कोर्टाचं फारसं चुकलं नव्हतं. पण आता शिक्षा संपत आली होती. सोमवारी पॅरोलची बैठक, मुदतीआधी सोडायचं का ते ठरवणारी. मेम्फिसला त्याची लेक मार्व्हा राहायची. तिनं मागची खोली रंगवून ठेवली होती आणि फोनवर म्हणाली होती, "बाबा, सोमवारपर्यंत फक्त तोंड मिटून राहा. तुमच्या जिभेला कुलूप लावा." एल्रॉय हसला होता. भीती जिभेची नव्हतीच. त्याला सांभाळायचे होते हात.

का, ते सांगतो. एल्रॉयची आई, लुएला, जन्मापासून बहिरी. शनिवारच्या बाजारात ती रताळ्याच्या तळलेल्या करंज्या विकायची आणि चिमुरडा एल्रॉय टोपलीशी उभा राहून तिचे कान आणि तिचं तोंड व्हायचा. बोलायला शिकण्याआधी तो हातांची भाषा शिकला होता. एकदा एक बाई म्हणाली, "त्या मुकीला सांग, तेल खवट आहे." एल्रॉयनं आईला खूण केली, छान झाल्यात म्हणते. गिऱ्हाईक गेल्यावर आईनं त्याचा कान पिरगळला. ती ओठ वाचायची. "दुसऱ्याचं बोलणं म्हणजे दुसऱ्याचा माल," तिनं हातांनी सुनावलं. "पोचवायचा तर जसाच्या तसा. वाटेत पाणी घालायचं नाही."

तर ही भाषा येते, हे एल्रॉयनं तुरुंगात कुणालाही कळू दिलं नव्हतं. बहिऱ्या कैद्याला सरकारनं दुभाषी द्यायचा असा कायदा आहे. पण दुभाष्याला पैसे पडतात, म्हणून हाताशी असलेला कैदीच पकडतात. मग तो बहिरा जे काही बोलेल, ते त्या दुभाष्या कैद्याच्याच माथी. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पहारेकऱ्यांना हातांची भाषा आणि टोळीवाल्यांच्या खुणा यांतला फरक कळत नव्हता. कॅमेऱ्यात बोटं वाकडी झालेली दिसली, की टोळीची खूण. मग आरोप, मग मागची ओळ, आणि पॅरोल गेला खड्ड्यात.

मागची ओळ म्हणजे एकेकट्या बंद कोठड्यांची लांब गल्ली. तिथं अंधार कधी नसतोच. पांढरे दिवे दिवसरात्र जळतात, सावलीसुद्धा पडत नाही, आणि फिनेलच्या वासाखाली ओल्या गादीचा एक जुनाट, आंबूस वास बसलेला असतो. प्रत्येक दाराला कमरेच्या उंचीवर लोखंडी झडप. जेवण त्यातून, गोळ्या त्यातून आणि बेड्याही त्यातूनच. कैद्यानं दाराकडे पाठ करायची, दोन्ही हात मागच्या मागे झडपेतून बाहेर काढायचे, पहारेकऱ्यानं बेड्या घालायच्या, आणि मगच दार उघडायचं. बेड्या घातल्याशिवाय दार नाही. आत आग लागली तरी नाही.

शेवटच्या कोठडीला ताट नसायचं. म्हणून एल्रॉय गाडा वळवणार, तोच त्याला तिची झडप उघडी दिसली.

झडपेतून दोन हात बाहेर आले होते. पाठमोरे, बेड्यांसाठी काढतात तसे, मनगटं जोडलेली. वयस्क माणसाचे हात, नखं निळसर.

'नवीन आलाय वाटतं,' एल्रॉयच्या मनात आलं. त्यानं एक ताट उचललं. हातांनी ते घेतलं नाही. बोटं हलायला लागली. सावकाश, अडखळत... एक बोट वर, मूठ, अंगठा आत.

एल्रॉयनं वाकून पाहिलं. ती अक्षरं होती. पाठमोरी आणि उलटी. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसानं बोलावं तशी. आई बोलायची ती कपाळापासून छातीपर्यंत, सगळा चेहरा हलवून. या हातांना चेहरा नव्हता. कपाळाशी, हनुवटीशी करायची एकही खूण त्यांना करता येत नव्हती. म्हणून एकेक अक्षर. पुन्हा पुन्हा तेच.

साखर.

एल्रॉयनं ताट गाड्यावर ठेवलं आणि दांडा घट्ट धरला. त्याची स्वतःची बोटं उत्तर द्यायला वळवळत होती.

"काय फ्रिजवाले, झोप लागली का उभ्या उभ्या?" गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी टिलरी ओरडला. माणूस वाईट नव्हता. फुकट पेपरमिंट वाटायचा आणि गाण्याबिण्याचा शौकीन.

"शेवटच्या कोठडीत कोण आहे, बॉस?"

"माझी सासू." टिलरी स्वतःच खो खो हसला. "कोण असणार? कुणी नाही. ये, बघ."

चाव्या वाजवत तो आला. झडप बंद होती. कडी घातलेली, वर गंजाची पूड. दाराच्या काचेतून टिलरीनं आत बोट दाखवलं. आत जुन्या गाद्या होत्या. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत दाबून भरलेल्या. माणूस सोडाच, आत मांजराला उभं राहायला जागा नव्हती.

"राजम्यात काही घालतात का हो स्वयंपाकघरात?" टिलरी म्हणाला. "मलाही द्या की थोडं."

*

बराकीत एल्रॉयच्या शेजारच्या खाटेवर ड्यूली नावाचा म्हातारा होता. या तुरुंगात पहिली वीट बसली तेव्हा मी गिलावा कालवत होतो, असं तो सांगायचा. एल्रॉयनं पत्ते वाटता वाटता सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या ओळीची शेवटची खोली बंद का रे?"

ड्यूलीनं हातातली पानं उलटी ठेवली.

"अॅम्ब्रोस होता तिथं," तो म्हणाला. "बहिरा. साखरेचा आजार. पहारेकऱ्यानं मागून हाक मारली, त्यानं ओ दिली नाही, म्हणून हुकूम मोडला असं ठरवून आत टाकला. एक दिवस त्याची साखर उतरली. सांगणार कसा? त्यानं झडपेतून हात बाहेर काढले, बोलायला. पण इथं झडपेतून हात आले की काय करतात?"

एल्रॉयनं हातातला पत्त्यांचा गठ्ठा खाली ठेवला.

"बेड्या घालतात," ड्यूली म्हणाला. "त्या पहारेकऱ्याला वाटलं, ह्याला कुठंतरी न्यायचाय. घातल्या बेड्या. मग कळलं, न्यायचा नाहीये कुठं. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. हात पाठीमागं अडकलेला बहिरा माणूस, एल्रॉय... म्हणजे शिवलेलं तोंड. संध्याकाळी सापडला."

"मग? काहीच झालं नाही?"

"झालं की! वकीलबाई आली, कोर्टात भांडली, जिंकली. आता बहिऱ्याच्या दारावर पिवळं कार्ड लावायचं, बेड्या पुढून घालायच्या, दुभाषी बोलवायचा. गल्लीत पाटीसुद्धा लावलीय, अपंगत्वावरून कुणाशी भेदभाव होणार नाही म्हणून. तक्रार असेल तर या नंबरावर फोन करा." ड्यूली दात नसलेलं तोंड उघडून हसला. "बहिऱ्यानं फोन करा! तू आपला सोमवार सांभाळ, फ्रिजवाल्या. तुला घर मिळतंय. कशाला विचारतोस असलं?"

एल्रॉयनं विचारणं सोडलं. पण हात यायचे ते येतच राहिले. रोज नाही. कधी तो पाठ वळवताना कडी हलल्याचा आवाज यायचा. तो दांडा धरून चालत राहायचा. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती बोटं दिसायची, निळ्या नखांची, तीच अक्षरं गिरवणारी. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? माल दिसतोय, पण दुकानच नाही?

मग बैठकीच्या आधीच्या आठवड्यात गाद्या निघाल्या. मागची ओळ भरली होती आणि जागा हवी होती. शेवटच्या कोठडीत एक जिवंत माणूस आला. क्लीटस बोगन. साठीचा, गोल चेहऱ्याचा, कापूस वेचणाऱ्या यंत्रांचा मिस्त्री. काचेला नाक लावून तो एल्रॉयला बघायचा, ताट स्वतः हातात घ्यायचा आणि मान लववायचा. एल्रॉयनं पहिल्याच दिवशी ओळखलं. माणूस डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता.

दारावर पिवळं कार्ड नव्हतं.

"हा बहिरा आहे का, बॉस?" एल्रॉयनं टिलरीला जाता जाता विचारलं.

"त्याचं म्हणणं तसं. कॅप्टनचं म्हणणं, सोंग करतोय. मागे टाळी वाजवली तर वळला म्हणे."

"वारा लागला असेल मानेला."

टिलरीनं पेपरमिंट या गालातून त्या गालात सरकवली. "तुला काय माहीत रे बहिऱ्यांचं?"

"काही नाही, बॉस."

"मग गाडा ढकल. तुझा सोमवार आहे ना?"

एल्रॉयनं गाडा ढकलला. एक मात्र बरं झालं होतं. क्लीटस आल्यापासून ते दुसरे हात आले नव्हते. गादीचा वासही कमी झाला होता. जागा भाड्यानं गेली, जुना भाडेकरू निघून गेला, असं त्यानं मनाला समजावलं. शुक्रवारी क्लीटसनं ताट घेतलं नाही. शनिवारी घेतलं, पण काठ धरताना त्याचे हात थरथरत होते, राजमा सांडला, आणि काचेमागच्या चेहऱ्यावर घाम होता. त्यानं एल्रॉयकडे बघून हनुवटीवर दोन बोटं फिरवली. गोड. साखर. एल्रॉयला ती खूण कळली. त्यानं कळलं नाही असा चेहरा केला. निघताना तो टिलरीला एवढंच म्हणाला, "शेवटचा जरा आजारी दिसतोय, बॉस." टिलरी म्हणाला, "सोमवारी डॉक्टर येतो."

रविवारच्या दुपारी काचेत चेहरा नव्हता.

एल्रॉय दारापाशी आला आणि कडी आपोआप सरकली. झडप खाली पडली. दोन हात बाहेर आले, पाठमोरे, मनगटं जोडलेली. पुन्हा तोच ओल्या गादीचा वास.

तो जागच्या जागी थिजला. हे कोणाचे? त्यानं निरखून पाहिलं. नखं निळी. पण साखर उतरलेल्या माणसाची नखंही निळी पडतात. हात वयस्क. पण क्लीटसही साठीचा. मेलेल्याचे असतील तर गाडा वळवायचा, उद्या बैठकीला जायचं, परवा मार्व्हाच्या रंगवलेल्या खोलीत झोपायचं. जिवंत माणसाचे असतील तर...

बोटं हलत होती. साखर. साखर.

डोक्यावर कॅमेऱ्याचा लाल ठिपका होता. एल्रॉयनं गाडा वळवला. चाक कुरकुरलं. तो अर्ध्या गल्लीपर्यंत गेला. मग त्याला जाणवलं, की आपले हात दांड्यावर नाहीत. ते छातीशी आले आहेत आणि बोलत आहेत. लहानपणी बाजारात बोलायचे तसे, स्वतःहून.

तो परत फिरला. दारासमोर गुडघे टेकून बसला, म्हणजे हातांच्या उंचीवर आला. आणि मग ओशाळला. पाठमोऱ्या हातांना डोळे कुठले? त्यानं बिचकत त्या तळव्यावर आपलं बोट ठेवलं आणि अक्षरं गिरवली. कोण? तू कोण?

तळवा गार होता. नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा. बोटं थांबली. मग अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून त्यांनी सांगितलं,

मी नाही. तो.

"बॉस!" एल्रॉय किंचाळला. "बॉस, दार उघडा! आतला मरतोय! साखर उतरलीय त्याची!"

टिलरी धावत आला. "तुला कोणी सांगितलं?"

"ह्यांनी! हात बघा की! बहिऱ्यांची भाषा आहे ती. माझी आई बहिरी होती, मला येते. उघडा आधी!"

"थांब, थांब..." टिलरीनं कमरेच्या बेड्या काढल्या. कित्येक वर्षांच्या सवयीनं, न बघता, त्यानं त्या दोन मनगटांवर चढवल्या. खट्. खट्. "हं. आता उघडतो."

दार उघडलं.

क्लीटस बोगन पार मागच्या भिंतीशी, खाटेखाली तोंड करून पडला होता. ओठांना फेस, अंग घामानं चिंब. त्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि छातीखाली दबलेले. दारापासून तो इतका लांब होता, की झडपेपर्यंत त्याचा हात पोचणं शक्यच नव्हतं. दाराच्या आतल्या अंगाला झडपेवर बेड्या लोंबत होत्या. दोन्ही कड्या बंद, कुलूपबंद. कड्यांत मात्र काही नाही.

टिलरी त्या बेड्यांकडे बघत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "निसटला... बारीक मनगटं आहेत. निसटला असणार."

"हो, बॉस," एल्रॉय म्हणाला.

मग दोघांनी मिळून क्लीटसला उचलून नर्सकडं नेलं.

क्लीटस वाचला. थोडा उशीर झाला असता तर गेला असता, असं नर्स म्हणाली.

*

कॅप्टननं कॅमेऱ्यातली फीत पाहिली. फितीत एल्रॉय ममफोर्ड अर्ध्या गल्लीत उभा राहून हातांनी खुणा करताना स्वच्छ दिसत होता. मग बंद दारासमोर गुडघे टेकून हवेत बोट फिरवताना. झडप कॅमेऱ्याच्या कोनात येत नव्हती.

"माझी आई बहिरी होती, साहेब," एल्रॉय म्हणाला. "टोळीची नाही, घरची भाषा आहे ही. कायद्यानंच तर..."

"कायदा मला शिकवू नकोस. एवढी वर्षं भाषा येते हे बोलला नाहीस, आणि आज अचानक आई बहिरी झाली? चौकशी होईल. खरं असेल तर सुटशील."

"उद्या माझी बैठक आहे."

"पुढच्या वर्षी असेल."

मार्व्हाला फोन करायची परवानगी मिळाली नाही. वकीलबाईंना कळवतो, असं टिलरी खाली बघत म्हणाला, आणि त्यानं ते कळवलंही असावं. मागच्या ओळीत त्या दिवशी एकच कोठडी रिकामी होती. क्लीटस इस्पितळात होता ना.

टिलरीनंच एल्रॉयला तिथं नेलं. पाठ दाराला, हात बाहेर. बेड्या निघाल्या, झडप लागली, कडी पडली. एल्रॉय मागच्या भिंतीशी खाटेवर जाऊन बसला. वर पांढरा दिवा. भिंतीला गाद्यांचे ओले डाग. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खोलीचा रंग कोणता असेल याचा विचार करू लागला. मार्व्हानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडा आला. ढकलणारा कुणी नवा होता. गाडा दारापर्यंत आला आणि थांबला. बराच वेळ काही आवाज नाही. मग टिलरीचे बूट, घाईघाईनं. मग तेही थांबले.

"एल्रॉय." टिलरी कधी त्याला नावानं हाक मारत नसे. "एल्रॉय... हात आत घे."

एल्रॉयनं मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"ते आतच आहेत, बॉस."

बाहेर नवा माणूस काहीतरी पुटपुटला आणि पळाला. त्याची पावलं गल्लीत दूर गेली. टिलरी गेला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी दारापासून लांब बसलोय," एल्रॉय म्हणाला. "काचेतून बघा."

काचेत टिलरीचे डोळे आले. एल्रॉयकडे पाहिलं. खाली पाहिलं. पुन्हा एल्रॉयकडे. एल्रॉयला आतून झडप बंद दिसत होती. फटीतून दिसणारी कडीची खीळ जागच्या जागी होती.

"बोलतायत ते," टिलरी म्हणाला. "काय... काय बोलतायत?"

या तुरुंगात ती बोटं वाचता येणारा एकच माणूस होता, आणि तो दाराच्या उलट्या बाजूला होता. एल्रॉय उठला नाही. काचेतून त्याला झडपेबाहेरचं दिसलंच नसतं.

"मला दिसत नाही, बॉस. तुम्ही सांगा. बोटं कशी वळतायत?"

"मूठ... मग दोन बोटं, खाली... मग सगळी गोल." एल्रॉयनं ती अक्षरं मनात जुळवली. तो. कालचंच.

"पुढं?"

"आता अक्षरं नाहीत. नुसतं बोट दाखवतायत."

"कुठं?"

"आत." टिलरीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मागं, तुझ्याकडं... एल्रॉय, तुला काही होतंय का रे? छातीत वगैरे?"

एल्रॉयनं छातीवर हात ठेवला. हृदय चालत होतं. श्वास चालत होता. सकाळी ताटातलं सगळं त्यानं खाल्लं होतं. घाम नव्हता, चक्कर नव्हती.

"नाही, बॉस," तो म्हणाला. "मला काहीच होत नाहीये."

बाहेर बोटं अजून दाखवतच होती.